होड्यांची छावणी

वैशाख सरत आला म्हणजे आपल्या खानदेशात जो तो घर सावरण्याच्या उद्योगास लागतो. धाब्याच्या घरांवर खारी माती चढते, कडब्याची गंज नीट रचून झाकली जाते, बैलगाडीची चाके तेल पाजून गोठ्याच्या आडोशास नेऊन ठेवितात. पावसाआधीची ही धांदल आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेली आहे; तीत शिकण्यासारखे काही आहे असे त्यांस वाटतही नाही. परंतु नेमक्या याच दिवसांत पलीकडे कोकणच्या किनाऱ्यावर दुसरीच एक आवराआवर चाललेली असते. तेथे वर्षाचे नऊ-दहा महिने पाण्यावर राबलेल्या होड्या जमिनीवर ओढून घेतात आणि त्यांस आठ-दहा आठवड्यांची सक्तीची विश्रांती देतात.

या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते गेल्या वर्षी आठवीच्या भूगोलाच्या तासास. नॉर्वे, स्वीडन, कॅनडा अशा थंड देशांत हिवाळा जवळ आला की लोक आपल्या लहान होड्या पाण्याबाहेर काढून ठेवितात, असे आम्ही सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, होडी पाण्यासाठीच केलेली ना? मग पाण्यात राहून तिला काय होणार?" प्रश्न सरळ होता, पण त्याचे उत्तर तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत मावण्याजोगे नव्हते. ते येथे जरा सविस्तर देतो.

प्रथम थंड देशांची गोष्ट घेऊ, कारण ती थोडक्यात उरकते. बहुतेक पदार्थ थंडीने आकसतात; पाणी मात्र गोठताना फुगते. शंभर मापे पाण्याचे सुमारे एकशे नऊ मापे बर्फ होते. ही नऊ मापांची वाढ कोणत्याही भांड्यास जुमानत नाही. होडीच्या इंजिनात यंत्र थंड राखण्यासाठी जे पाणी खेळविलेले असते ते तेथेच राहून गोठले, तर ओतीव लोखंडाची जाड भिंतसुद्धा तडकते. म्हणून त्या देशांत होडी बाहेर काढल्यावर पहिले काम इंजिनातील व नळ्यांतील पाण्याचा थेंब न् थेंब काढून टाकणे, अथवा तेथे न गोठणारे द्रव भरणे, हे होय. विजेची बॅटरी काढून घरात नेतात. पूर्ण भारलेल्या बॅटरीतील आम्लमिश्रित पाणी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही. रिकामी झालेली बॅटरी मात्र त्या मानाने थोड्याच थंडीत गोठून फुटते. मोठ्या जहाजांसही हा नियम चुकत नाही. अमेरिका व कॅनडा यांच्यामधील सुपीरियर सरोवरातून खाली उतरण्यासाठी सू येथे जे पाण्याचे दरवाजे बांधले आहेत, ते दरवर्षी जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या २५ तारखेपर्यंत बंद ठेवितात.

बर्फाच्या दाबाने काय होते याची दोन उदाहरणे मुलांस फार आवडतात, म्हणून येथे देण्याचा मोह आवरत नाही. नॉर्वेचा संशोधक नान्सेन याने आपले 'फ्राम' नावाचे जहाज १८९३ साली मुद्दामच उत्तर ध्रुवाकडील बर्फात अडकवून घेतले. त्याचे बूड गोल बांधलेले होते. बर्फ दोन्ही बाजूंनी दाबू लागला की, चिमटीतून चिंचोका सुटावा तसे ते जहाज वर उचलले जाई. तीन वर्षांनी, १८९६ साली, ते सुखरूप परत आले. शॅकल्टनचे 'एन्ड्युरन्स' हे जहाज दक्षिणेकडील वेडेल समुद्रात असेच अडकले. पण त्याची बांधणी तशी नव्हती. १९१५ साली बर्फाने ते चिरडून बुडविले आणि त्याचा सांगाडा समुद्राच्या तळाशी सापडावयास २०२२ साल उजाडावे लागले.

आपल्याकडे समुद्र गोठत नाही. मग कोकणातील नाखवा होडी का ओढतो? येथला शत्रू थंडी नव्हे. नैर्ऋत्येचा वारा, त्याच्यासंगे येणाऱ्या लाटा आणि आभाळातून पडणारे गोडे पाणी हे तिघे येथले शत्रू. पैकी पहिले दोन कोणासही समजतात. तिसरा फसवा आहे. लाकूड कुजते ते खारट पाण्याने असे आपणांस वाटते. वस्तुतः गोष्ट उलट आहे. लाकूड कुजविणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही, इतकेच नव्हे, तर जुने जहाजबांधे फळ्यांच्या पोकळीत मीठ भरून ठेवीत, ते लाकूड टिकावे म्हणूनच. बुरशीस हवे असते गोडे पाणी, कोंदट हवा आणि ऊब. लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाहून अधिक ओलावा राहिला की तिचे फावते. कोकणातला पावसाळा म्हणजे बुरशीचे माहेरच. म्हणून लाटेपासून वाचविलेली होडी पुढे पावसापासूनही वाचवावी लागते.

आम्ही नोकरीच्या आरंभीच्या काळात दोन वर्षे रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या शाळेत होतो. तेथे हा सोहळा (आम्हांस तो सोहळाच वाटे) दोनदा डोळ्यांनी पाहिला, आणि दुसऱ्या खेपेस दोरास हातही लावला. तो असा.

रोहिणी नक्षत्र लागण्याच्या सुमारास वयस्क मंडळी रोज संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी उभी राहून वारा पाहत. वाऱ्याचे तोंड फिरले, लाटांस लांब पल्ल्याचा हेलकावा आला, की शेवटची फेरी झाली असे ठरे. मग अमावास्या किंवा पौर्णिमा गाठावयाची. सूर्य व चंद्र या दोघांची ओढ त्या तिथींस एका रेषेत येते व त्यानंतर एक-दोन दिवसांत भरतीचे पाणी सर्वांत उंच चढते. त्यास उधाण म्हणतात. मुंबईस मोठ्या उधाणाचे पाणी साडेचार मीटरांहूनही वर जाते. या उधाणावर होडी आणली म्हणजे समुद्र स्वतःच तिला निम्म्या वाटेपर्यंत पोहोचवून देतो; पुढची वाट तेवढी माणसांनी ओढावयाची. भूगोलातील भरती-ओहोटीचा धडा ज्यांस कंटाळवाणा वाटतो त्यांनी वीस माणसांची मेहनत त्या धड्याने कशी वाचते ते एकदा पाहून यावे.

होडी ओढण्याआधी ती हलकी करितात. जाळी, दोर, नांगर, वल्ही, शीड, डोलकाठी, सुकाणू, आणि तोल राखण्यासाठी बुडाशी घातलेले दगड, सर्व उतरते. मग माडाचे ओंडके आडवे टाकून त्यांवरून होडी सरकवितात. मागचा ओंडका मोकळा झाला की पोरे तो उचलून पुढे नेऊन टाकितात. एक जण हाळी देतो, बाकीचे तीस-चाळीस जण तिच्या ठेक्यावर दोर खेचतात. यात मजुरीचा प्रश्न नसतो. आज माझी होडी, उद्या तुझी. आपल्याकडे सोंगणीच्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या शेतात जातो त्यातलाच हा प्रकार.

वर आलेली होडी कोठेही टेकवून चालत नाही. पाण्यात असताना तिचे वजन पाणी सर्वांगी सारखे पेलते. जमिनीवर तेच वजन दोन-चार ठिकाणी येते. बुडाचा कणा सपाटीत ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यांवर ठायी ठायी टेकला पाहिजे. एखादा ठोकळा उंच अथवा बसका राहिला तर दोन महिन्यांत होडीस बाक येतो आणि तो बाक मग आयुष्यभर जात नाही. दोन्ही अंगांस टेकू देतात, तेही नुसत्या फळीखाली न देता जेथे आतून फासळी आली असेल तेथेच. एक टोक किंचित उंच ठेवितात, म्हणजे आत पडलेले पाणी दुसऱ्या टोकाकडे निथळते. आणि त्या खालच्या टोकाशी बुडाला जे छिद्र असते त्याचे बूच काढून ठेवितात. हे बूच पाठकांनी ध्यानात असू द्यावे. त्याचे काम पुढे आहे.

नंतर बूड खरवडण्याचे काम. वर्षभरात त्यास शंखशिंपल्यांचे कवच व शेवाळ चिकटलेले असते. त्याखाली कधी कधी बारीक भोके दिसतात. ती टेरेडो नावाच्या जीवाची. त्यास लोक किडा म्हणतात, पण शास्त्रदृष्ट्या तो शिंपल्याच्या जातीचा मृदुकाय प्राणी आहे. तो लाकडात बारीक असताना शिरतो आणि आतच वाढत जातो. वरून फळी धड दिसते, आतून मात्र मधाच्या पोळ्यासारखी पोकळ झालेली असते. समुद्रातून बाहेर काढून वाळविणे अथवा गोड्या पाण्यात ठेवणे, या दोन्ही उपायांनी तो मरतो. जुन्या काळी बुडाखाली वाळलेला पाचोळा पेटवून त्यास शेकही देत. वरच्या अंगास माशाचे तेल, बुडास चुना व चरबी यांचा लेप, आणि सांध्यांत तेलात भिजविलेला कापूस ठोकून वरून राळ, असा परंपरेचा औषधोपचार होता. आता रासायनिक रंग आले आहेत. तरी तेलाचा तो उग्र वास अजून कित्येक किनाऱ्यांवर येतो. आम्हांस पहिल्या वर्षी त्या वासाने जेवण गेले नव्हते हे प्रांजळपणे सांगतो.

आता बहुतेक होड्यांना डिझेलचे इंजिन असते. लाकडास मिठाचे भय नसले तरी लोखंडास ते पुरेपूर असते. म्हणून इंजिनातून गोडे पाणी फिरवून मीठ धुऊन काढितात, मग ते पाणीही काढून टाकितात. जुने वंगणतेल बदलून नवे घालतात, कारण वापरलेल्या तेलात आम्ल साचलेले असते आणि यंत्र थांबलेले असताना ते धातूस खात बसते. डिझेलची टाकी मात्र रिकामी न करिता काठोकाठ भरून ठेवितात. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते, रात्री तिचे दव होते, आणि ते पाणी तेलाखाली जाऊन बसते. इंजिनातले पाणी काढा आणि टाकीतले तेल भरा, हे प्रथम ऐकताना विसंगत वाटते. कारण समजले की विसरत नाही. थंड देशांतले लोकही या बाबतीत तेच करितात.

शेवटी छप्पर. बांबूचा सांगाडा उभारून त्यावर माडाच्या विणलेल्या झापा घालितात, जणू होडीसाठी लहानसे घरच. अलीकडे निळी प्लास्टिकची ताडपत्री सर्रास दिसते. ती स्वस्त आहे, झटपट बसते. परंतु झापांतून वारा खेळतो तसा तिच्यातून खेळत नाही. दोन्ही टोके उघडी राखली नाहीत तर आत वाफ कोंडते, आणि पावसापासून वाचविलेली होडी आतल्या आत ओली राहते.

आमच्या तेथील दुसऱ्या वर्षी नेमके हेच झाले. आमच्या वर्गातील एका मुलाचे वडील नाखवा होते. त्यांचे नाव येथे देत नाही. त्या वैशाखात त्यांच्या घरी दुखणे होते आणि ते स्वतः इस्पितळात अडकून पडले होते. पाऊस चार दिवस आधी येणार अशी हूल उठली. शेजाऱ्यांनी होडी ओढून दिली, टेकू लावले, मुलाने एकट्याने ताडपत्री चढविली व चहूकडून दोरीने घट्ट आवळली. वारा तिला उडवील एवढीच त्यास भीती होती. बुडाचे बूच काढावयाचे राहिले. शेजाऱ्यांस वाटले घरच्यांनी काढले असेल, घरच्यांस वाटले शेजाऱ्यांनी.

श्रावणात ताडपत्री सोडली तेव्हा आत गुडघाभर पाणी होते. ते ताडपत्रीच्या फटीतून थेंब थेंब आलेले, अर्थात गोडे. बुडाजवळच्या फासळ्यांची टोके नखाने खरवडली तरी भुगा पडत होता. इंजिनाचा खालचा भाग दोन महिने पाण्यात उभा होता. नारळी पौर्णिमेस गावच्या साऱ्या होड्या रंगवून, पताका लावून, समुद्रास नारळ वाहून पाण्यात उतरल्या; ती एक होडी तेवढी ठोकळ्यांवर उभी राहिली. सुतार व यंत्रदुरुस्ती यांसाठी नाखव्यांनी मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. अशा उचलीत व्याजाखेरीज एक अट असते, की सारी मासळी त्यालाच, तो म्हणेल त्या भावाने द्यावयाची. मुलाचे नाव पटावर राहिले, मुलगा मात्र दुसऱ्याच्या होडीवर कामास जाऊ लागला.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगा काही बोलेना. नाखवाच म्हणाले, "मास्तर, बूच काढायला मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. दरवर्षी मीच काढत होतो." त्या वाक्यावर आम्हांस काही बोलता आले नाही, वर्गात आम्हीही किती गोष्टी गृहीत धरून पुढे जातो ते आठवत राहिले. तो मुलगा नाताळच्या सुटीनंतर वर्गात परत आला. वर्षाचे अर्धे पुस्तक मागे पडले होते. संध्याकाळी बसून आम्ही ते भरून काढिले. पुढे तो शालान्त परीक्षा उतरला.

आता कायद्यानेही ही विश्रांती ठरवून दिली आहे. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक होड्यांस १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. तिचा एक हेतू माणसांचे प्राण राखणे हा आणि दुसरा मासळीच्या विणीस उसंत देणे हा. कित्येक मच्छीमार म्हणतात की पूर्वीची नारळी पौर्णिमेची मर्यादा बरी होती, कारण ऑगस्टच्या आरंभी समुद्र पुरता शांत झालेला नसतो. आम्ही कोरड्या प्रांतातले. पण दोन पावसाळे पाहिल्यावर त्यांचे म्हणणे आम्हांस खोटे वाटत नाही.

ही चाल काही आजची नव्हे. १७१५ च्या सुमाराच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे व तेथे पावसाळ्यात आरमाराची छावणी कोठे व कशी करावी याचाही विचार केलेला आहे. लष्कराची छावणी आपणांस ठाऊक असते. गलबतांचीही छावणी होई हे फारसे कोणास ठाऊक नसते. या लेखाचा मथळा तेथूनच सुचला. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत, किल्ल्यापासून सुमारे तीन किलोमीटर आत, खडक खोदून केलेली मराठ्यांची गोदी अद्याप दाखवितात. तिची लांबी सुमारे ३५५ फूट आहे. तेथे गलबते बांधीत आणि पावसाळ्यात ती सुरक्षित ठेवीत.

त्याहून जुनी साक्ष हवी असेल तर प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सत्ताविसावा अध्याय काढून पाहावा. रविवारच्या शाळेत तो आपण वाचतो तो पौलाच्या धैर्यासाठी. पण वादाचे मूळ त्यात होडीच्या हिवाळ्याचेच आहे. क्रेत बेटाच्या सुंदर बंदरात जहाज आले तेव्हा प्रवासाचे दिवस सरले होते. ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे, म्हणून तांडेल व मालक यांनी थोडे पुढे फेनिक्सास जाण्याचे ठरविले. पौलाने नको म्हटले, ते कोणी ऐकिले नाही. तुफानात जहाज फुटले आणि जहाजावरील २७६ माणसे कशीबशी किनाऱ्यास लागली. पुढच्या अध्यायात एक बारीक तपशील आहे, तो बहुधा निसटून जातो. तीन महिन्यांनी ते सर्व ज्या जहाजात बसून पुढे गेले, ते दुसरे जहाज त्याच मिलिता बेटावर हिवाळाभर शहाणपणाने थांबलेले होते.

सागाचे मोलही यानिमित्ताने सांगितले पाहिजे, कारण आपल्या सातपुड्यात साग आहे. या लाकडात स्वाभाविक तेल असते. त्यामुळे ते बुरशीस व किड्यास पुष्कळ दाद देत नाही. आपली तापी सुरतेजवळ समुद्रास मिळते. त्याच सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे कसबी जहाजबांधे १७३६ साली मुंबईस आले, आणि १७५० साली मुंबईत पहिली कोरडी गोदी झाली. वाडियांच्या घराण्याने १८१७ साली मुंबईत सागाचे 'ट्रिंकोमाली' हे लढाऊ जहाज बांधिले. दोन शतके उलटली. ते इंग्लंडात हार्टलपूल येथे अजून पाण्यावर तरंगते आहे.

तापीचा विषय निघाला तेव्हा आपल्या प्रांताची उलटी रीत सांगून थांबतो. समुद्रावरची होडी पावसाळ्यात विसावते. नदीवरच्या नावेचे काम पावसाळ्यातच. आमच्या लहानपणी तापीकाठच्या एका गावी, पूल दूर असल्यामुळे, पुराचे दिवस सरेपर्यंत लोक नावेनेच पलीकडे जात. चैत्रात पात्र आटे आणि नाव रिकामी होई. ती वाळूत उघडी टाकिली तर खानदेशच्या उन्हाने फळ्या आकसून सांध्यांत बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तेथले नावाडी तिला डोहात नेत, आत दगड भरीत आणि चक्क बुडवून ठेवीत. पुरत्या पाण्याखाली गेलेल्या लाकडास ऊन लागत नाही म्हणून ते तडकत नाही, आणि हवा लागत नाही म्हणून बुरशीही धरीत नाही. आम्ही मुले डोहात पोहावयास गेलो की पायाला तिचा काठ लागे. मृगाचा पाऊस पडून पाण्यास गढूळपणा आला की नावाडी व त्याचे भाऊ उड्या घेऊन एकेक दगड बाहेर टाकीत. वजन कमी होई तसतशी ती आपणच हळूहळू वर येई, आणि काठावर जमलेली सारी पोरे तिच्यातले पाणी उपसण्यास धावत.